प्लास्टिकवरची माती

सुकन्याने ड्रेसची चेन सर्रकन खाली ओढली आणि माझ्या गळ्यापर्यंत आंबट पाणी आलं. भर दुपार होती, दुकानात पंखा फिरत होता, दातांत धरलेल्या टाचण्या मी एकेक काढून उशीत खोचल्या. सुकन्याचा काही दोष नाही. ती बँकेत कामाला आहे, नीट बोलते, माप द्यायला सांगितलेल्या वेळेला येते. मला ऐकू आलं नसावं असं वाटून तिने चेन पुन्हा वर-खाली केली, "इथं दात धरत नाहीत बघा काकू," म्हणाली. मी म्हटलं, चेन काढून टाकते, हुक लावून देते. ती हसली. "सगळ्यांनाच हुक लावता तुम्ही. अस्माकाकूंकडे चेन मिळत नाही, असं सगळ्या म्हणतात." मी म्हटलं, चेनने कापड चिरतं. हे खोटं मी चार वर्षं सांगतेय. आता गिऱ्हाइकं तेच एकमेकींना सांगतात, परवा एकीने तर मलाच समजावलं की चेनपेक्षा हुक कसा चांगला. खोटं एकदा लोकांच्या तोंडी गेलं की आपलं उरत नाही. मला माझ्या हातांचा आणि त्या ड्रेसचा विटाळ वाटला. सुकन्या गेल्यावर तो ड्रेस मी काठीने उचलावा तसा दोन बोटांत धरून कोपऱ्यात ठेवला.

त्या आवाजापाशी मी जात नाही. म्हणजे रोज जाते, पण उंबऱ्यावरून परत फिरते. अल्मास माझ्या भावाची, हारिसची बायको; त्याआधी माझी मैत्रीण, शाळेपासूनची. कमरेपर्यंत केस होते तिचे. मधल्या सुट्टीत ती माझ्यापुढे पाठ करून बसायची आणि मी तिची वेणी सोडून पुन्हा घालायची, काही कारण नाही, नुसतीच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. आता लाट म्हटलं की लोक हसतात. परवा एका साखरपुड्यात बायका सांगत होत्या, टाळेबंदीत कुणी काय काय पदार्थ केले, कुणाचा नवरा भांडी घासायला शिकला. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्याही हसत होत्या, आणि मीही हसले. घरी येऊन मी दात घासले, दोनदा.

सुकन्या जाऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात सुंदरमावशी दुकानाच्या दारात आल्या. त्या शहजादीखालाच्या शेजारच्या. दोघी चाळीस वर्षं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहतात. खाला म्हणजे अल्मासची आई. दोन मुलं पुण्याला, सुनाही तिकडेच, त्यामुळे खालांचं दुखणं-खुपणं सुंदरमावशीच बघतात.

"अस्मा, शहजादीबाईनं बोलीवलंय. आजच ये म्हनल्या."

"काय झालं?"

"काय व्हायचंय. छातीत पानी भरलंय, डाक्टर म्हनतो आता घरीच ठिवा. सकाळपास्नं एकच धोसरा लावलाय, अस्माला बोलवा, अस्माला बोलवा." त्या पदराने मान पुसत म्हणाल्या. "तुमच्यात ते आंगुळ घालत्यात ना, त्याचं बोलायचंय म्हनं. जित्या मानसानं असलं कावून बोलावं, पन बोलती बाई."

मला कळलं. चार वर्षं मी याच निरोपाची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून त्यांच्या गल्लीतून जाणं टाळत होते. आमच्या घरात बायकांचे मुर्दे धुण्याचं काम चालत आलंय. पेशा नव्हे, कुणी काही देत नाही आणि आम्ही घेत नाही. पण मोहल्ल्यात बाई गेली की आमच्याकडे निरोप येतो, आणि आमच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवलेला कडुलिंबाचा तख्ता बाहेर निघतो. तो तख्ता माझ्या पणजीचा, चाँदबीचा. तिची गोष्ट मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकतेय. शंभर वर्षांपूर्वी मानमोडीची साथ आली तेव्हाची. ताप यायचा, मान धरायची, तिसऱ्या दिवशी माणूस संपायचं. बिंदुसरेच्या काठाला रोज नव्या कबरी, खांद्याला चार माणसं मिळेनात, शिंदीच्या चटईत गुंडाळून न्यायचे. घरातल्या बायका घरातल्याच मुर्द्याजवळ जाईनात. तेव्हा एकटी चाँदबी दारोदार गेली, एकतीस बायका तिने धुतल्या आणि तिला शिंकसुद्धा आली नाही. हे सांगताना माझी आजी पदर सावरायची, आईसुद्धा सावरायची. लहानपणी मी चाँदबीला पांढऱ्या कपड्यात बघायची, हात कोपरापर्यंत ओले, चेहऱ्यावर नूर, तेज. त्या गोष्टीत कधी वास नव्हता. ताप होता, मरण होतं, नदी होती, पण घाण कुठेच नव्हती, आणि हे मला इतकी वर्षं खटकलं नाही याचीच मला आता किळस येते.

दोन हजार वीसमध्ये कुणी तरी हीच गोष्ट मोबाइलवर फिरवली. खाली माझं नाव, चाँदबीची पणती. पुढच्या वर्षी एका पुढाऱ्याने मला योद्धा म्हणून कागद दिला, प्लास्टिकमध्ये घालून. शाल दिली. शालीला नव्या कापडाचा खळीचा वास होता आणि माइकवर माणूस सांगत होता की शंभर वर्षांनी इतिहासाने स्वतःला परत दाखवलं. समोर सगळे मास्क हनुवटीला लावून बसले होते, एक जण खुर्चीखाली गुटखा थुंकत होता. मी तो कागद तख्त्याच्या मागे उभा करून ठेवला. तो तिथेच आहे, त्याच्यावर पालीची अंडी आहेत.

अल्मास गेली त्या दिवशी रमजानचा पाचवा रोजा होता. दवाखान्याच्या मागच्या दाराशी हारिस गेटाबाहेर उभा, त्याला आत सोडलं नाही; एकच बाई येऊ दे म्हणाले. मला पांढरा किट चढवला. चष्म्याच्या आत वाफ धरली. कॉलर, काख, पाठ, सगळीकडून घाम खाली उतरून बुटांत जमा होत होता, मी चालले की पचपचायचं. मी घरून माती नेली होती, अंगणातली, चाळून, रुमालात बांधून. मौलानांनी सांगितलं होतं, पाणी घालता येत नसेल तर तयम्मुम पुरे: हात मातीवर मारायचा आणि चेहऱ्यावर, हातांवर फिरवायचा, तेवढंही जमलं नाही तर पिशवीवरून. सोपं करून दिलं होतं सगळं. दोन हात, दोनदा. तिथली सिस्टर गेवराईकडची होती, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "ताई, पाच मिनिटं हायत. मी तोंड उघडून देते, तुमचं काय असंल ते करून घ्या. मी तिकडं बघते." आणि तिने पिशवीची चेन ओढली.

अल्मास आत होती. गालावर चिकटपट्टीचा चौकोन, त्याच्या कडांना काळा मळ. नाकावर मास्कची जखम. तोंडाच्या कोपऱ्यात फेस वाळून पिवळा झाला होता. आणि केस. सतरा दिवस कुणी विंचरले नव्हते, घामाने, कशाकशाने त्यांचा एकच गठ्ठा झाला होता, न्हाणीघराच्या मोरीतून ओढून काढतो तसा. क्लोरीनचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा. मला दुःख झालं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला शिसारी आली. जिची वेणी मी नुसतीच घालायची तिच्या डोक्याकडे बघून मला शिसारी आली, आणि रोज्याच्या रिकाम्या पोटातून आंबट पाणी मास्कमध्ये आलं, ओठांवर, हनुवटीवर, आणि मला ते पुसता येईना. मी म्हटलं, बंद करा. सिस्टर वळली. "झालं?" मी म्हटलं, बंद करा आधी. तिने चेन लावली. मग मी दोन पावलं लांबून रुमाल उघडला आणि माती फेकली. हात मारला नाही, फिरवला नाही. कोंबड्यांना दाणे टाकतात तशी फेकली. प्लास्टिकवर माती ठरत नाही. ती घसरून फरशीवर पडली, तिचा बारीक आवाज झाला, आणि सिस्टर त्या मातीकडे बघून म्हणाली, झालं का ताई. मी म्हटलं, झालं.

बाहेर आल्यावर हारिसला सांगितलं, सगळं रीतसर झालं. घरी शहजादीखालांना सांगितलं, तोंड उघडलं होतं, तयम्मुम दिला, चेहऱ्यावर हात फिरवला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आमच्यात विचारतच नाहीत. मुर्दा धुणारीने जे पाहिलं ते तिच्यापाशी राहायचं, बऱ्यातलं बरं एखादं सांगावं, बाकी झाकावं, असा रिवाज आहे. त्या रिवाजाच्या पडद्यामागे माझं खोटं इतकं आरामात बसलं की कधी कुणी पडदा हलवलाही नाही. मी गप्प राहिले तर लोक म्हणाले, बघा, किती सब्र आहे, किती धीराची आहे. खालांनी माझे दोन्ही हात धरून ओठांना लावले. त्यांची लाळ लागली, रडण्याने ओली झालेली. आणि मी गल्लीच्या वळणावर जाऊन त्या ओल्या जागेवर सॅनिटायझर ओतलं, कोपरापर्यंत, अर्धी बाटली.

सुंदरमावशींबरोबर मी गेले तेव्हा खाला आपल्या खोलीत तीन उशांना टेकून बसल्या होत्या. पाय सुजून चकाकत होते. खाला घाटनांदूरच्या, तिथे मुसलमानांची चार घरं, बाकी सगळं गाव मराठी, त्यामुळे रागाचं आणि खरं बोलायचं झालं की त्या मराठीतच बोलतात. त्यांच्या अंगाला आजारी माणसाचा शिळा वास होता आणि मी नकळत श्वास तोंडाने घ्यायला लागले. मग ते लक्षात आलं आणि मुद्दाम नाकाने घेतला.

"बस. लांब कावून बसतीस, इकडं ये." मी पलंगाच्या कडेला बसले. "हे बघ, आता माझं काय खरं न्हाई. मला तूच धुवायचं. दुसरी कुनी न्हाई पाह्यजे. सुना येत्याल पुन्याहून, त्यांना सांगून ठिवते."

"खाला, असं नका बोलू."

"मंग कसं बोलू. माझ्या लेकीचा नवरा गेटाभाईर हुबा ऱ्हायला, भाऊ फोनवर रडले, आन् तू आत जाऊन तिला हात लावलास. तो हात मला पाह्यजे." श्वास घ्यायला त्या थांबल्या. सुंदरमावशी चहा ठेवायला उठून आत गेल्या, तसा त्यांनी आवाज खाली आणला. "तुला एक सांगते. आजवर कुनाला सांगितलं न्हाई. तुमच्या चाँदबीचं लोक एकतीस एकतीस करत्यात. सात व्हत्या. माझी नानी ह्याच गल्लीतली, ती सांगायची. सात बाया तिनं नीट धुतल्या, लई मन लावून. आठवी नानीची आई. चाँदबी दारापस्तोर आली, नाकाला पदर लावला, आन् उंबऱ्याभाईरनंच घागरी फेकल्या. पानी मुर्द्यावर कमी आन् भितीवर जास्त. पान्यातला बोरीचा पाला भितीला चिकटून वाळला म्हनं, साथ सरस्तोर तसाच व्हता. नानी कोपऱ्यात तापानं पडल्याली, अठरा वर्षांची. तिनं सगळं पाह्यलं."

"मग बोलली का नाही ती?"

"काय बोलंल. तीन दिस कुनी दारात आलं नव्हतं, ही उंबऱ्यापस्तोर तरी आली, असं म्हनायची. पन मरस्तोर चाँदबीच्या हातचं पानी पेली न्हाई." खालांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "माझ्या मनात बी तुमच्या घराबद्दल एक अढी व्हती. अल्मास तुमच्यात दिली तवा बी व्हती. तू माझ्या लेकीला हात लावलास आन् ती अढी गेली. म्हनून म्हनते, तूच पाह्यजे."

मला बरं वाटलं. सगळ्यात आधी, सगळ्यात खाली, मला बरं वाटलं. चाँदबीही माझ्यासारखीच निघाली. तो नूर, ते ओले हात, सगळं गेलं आणि उंबऱ्याबाहेर नाकाला पदर लावून उभी राहिलेली एक बाई उरली, तिचं तोंड माझ्यासारखं होतं. शंभर वर्षांपूर्वीही मुर्द्याला वास येत होता. तेव्हा किट नव्हता, चष्मा नव्हता, चेन नव्हती, पण ओकारी हीच होती. मी एकटी नाही, असं वाटून माझ्या छातीतला दगड हलला, आणि पुढच्याच क्षणी त्या हलकेपणाची मला जितकी घाण वाटली तितकी अल्मासच्या केसांचीही वाटली नव्हती. ही बाई मरायला टेकलीय, आपल्या खानदानाची शंभर वर्षांची अढी माझ्या भरवशावर सोडतेय, आणि मी तिच्याकडून सोबत उचलतेय. शिवाय चाँदबीने सात तरी धुतल्या होत्या. मी पाणीसुद्धा फेकलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर काहीही बिघडलं नसतं. खाला समाधानाने गेल्या असत्या, मी त्यांना खरोखर नीट धुतलं असतं, आणि मोहल्ल्याने आणखी एक गोष्ट रचली असती.

"खाला, मी अल्मासला हात लावला नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात सोडला नाही. आत स्टोव्हवर चहा उतू गेल्याचा आवाज आला.

"त्वांड पाह्यलं का?"

"पाहिलं."

"कसं व्हतं?"

धुणारीने सांगायचं नसतं. पण मी धुणारी नव्हते, मला तो रिवाज लागू नव्हता. मी सगळं सांगितलं. चिकटपट्टी, नाकावरची जखम, वाळलेला फेस, केसांचा गठ्ठा, माझं ओकणं, माती कशी फेकली, ती कशी खाली पडली. सांगताना मी काहीच मऊ केलं नाही. खाला तोंड उघडं टाकून ऐकत होत्या, चार वर्षं उपाशी बसलेल्या माणसासारख्या. मधेच त्यांनी विचारलं, "पट्टी कुन्या गालाला?" मी म्हटलं, उजव्या. त्यांनी आपल्या उजव्या गालावर बोटं ठेवली. "तिथं तीळ व्हता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात उचलून पलंगावर ठेवला, त्यांच्या मांडीपासून वीतभर लांब.

"माझ्या आंगाला हात लावू नको."

आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. मी उठले. सुंदरमावशी दोन कप घेऊन आल्या, आमच्या तोंडाकडे बघून दारातच थांबल्या. खाला म्हणाल्या, "च्या पिऊन जा." मी उभ्यानेच प्यायले. गरम होता, साय आली होती, सायीने मला नेहमीच मळमळतं, पण कप रिकामा करून मी स्वतः मोरीत विसळला आणि निघाले.

पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. पुण्याहून मुलं, सुना आदल्या रात्रीच पोचल्या होत्या. मोहल्ल्यातल्या दोघांनी आमच्याकडून तख्ता नेला. तो उचलताना मागचा योद्ध्याचा कागद खाली पडला आणि मी त्याच्यावरून पाय टाकून निघाले. अंगणात चादरींचा पडदा बांधला होता, पाणी तापत होतं, बोरीचा पाला तोडून ठेवला होता, कापूर होता. बायका माझीच वाट बघत होत्या. मला बघून एकीने पडदा उचलून धरला. आत तख्त्यावर खालांचे सुजलेले पाय दिसले. माझ्या हातांना ते पाय धुवायचे होते. खरंच धुवायचे होते. किळस कुठेच नव्हती, चार वर्षांत पहिल्यांदा नव्हती. आणि हात लावू नको हे त्यांचं बोलणं माझ्याखेरीज कुणी ऐकलेलं नव्हतं. पडदा उचललेलाच होता.

"मी नाही धुणार," मी म्हटलं. "त्यांनी मला नको म्हटलंय."

"कावून नको म्हनल्या?"

"मी अल्मासला धुतलं नव्हतं. हातही लावला नव्हता. माती लांबून फेकली आणि घरी येऊन खोटं सांगितलं."

कुणी रडायचं थांबलं, एवढंच. पडदा धरलेल्या बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता हे आजच सांगायचं व्हतं का," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर मी ते बघितलं जे चार वर्षं आरशात बघत होते. खोटं बोलल्याची नव्हे, मी ते बोलून दाखवलं त्याची तिला शिसारी आली होती. आणखी दोघी सरकून बसल्या. सुंदरमावशी चुलीपाशी पाण्याकडे बघत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"मंग धुवायचं कुनी?" धाकटी सून घाबरून म्हणाली. "आमी कधी हात लावला न्हाई मय्यताला. आमाला येत न्हाई."

"मी बाहेरून सांगते," मी म्हटलं. "तुम्ही दोघी आत जा."

त्या गेल्या. पडदा पडला. मी पडद्याला लागून उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. आधी नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर टाका, मग कपडे काढा. हाताला कापड गुंडाळा. पोटावरून हात हलका. आतून थोरलीचा हुंदका आला, मग ओकारीचा आवाज, अगदी ओळखीचा. मी म्हटलं, थांब जरा, तोंड पूस, नाकाने श्वास घे, आणि परत हात लाव. मग पाणी पडायला लागलं. उजवी बाजू आधी, मी म्हटलं, आता डावी. सावकाश. घाई कुणालाच नाही. सुंदरमावशी बादल्या आणून पडद्याशी ठेवत होत्या आणि आतून दोन हात येऊन त्या नेत होते, मनगटापर्यंत ओले.

पाणी पडद्याखालून बाहेर आलं. कोमट होतं, त्यात बोरीची दोन-तीन पानं होती. ते फरशीच्या उतारावरून माझ्याकडे आलं, बायकांनी आपापले पाय वर घेतले. माझ्या चपला काढलेल्या होत्या. पाणी बोटांना लागलं, घोट्याशी साचलं, एक पान अंगठ्याला चिकटलं, आणि मी उभी होते तिथेच उभी राहिले.

"केस आता," मी म्हटलं. "गुंता असेल तर ओढू नका, बोटांनी सोडवा. दोन भाग करून छातीवर घ्या."

बराच वेळ गेला. मी विचारलं, सुटला का गुंता.